इमारतींमधील जोडणीसाठी सिंगल मोड फायबर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दोन इमारतींमधील नेटवर्क स्विच सेकंदाला १० गिगाबिट वेगाने जोडण्यासाठी आम्ही सिंगल मोड फायबर (प्रकाशाला एकच मार्ग देणारी, काचेच्या बारीक तंतूंची केबल) टाकले, त्याला आता बरेच महिने झाले आहेत. अंतर दोनशे मीटरच्या आत असताना दहा किलोमीटर चालणारी जोडणी कशासाठी, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला होता. वापरानंतर माझे मत पक्के झाले आहे: केबल नव्याने टाकायची असेल, तर अंतर कमी असले तरी सिंगल मोडच टाकावे.

तांब्याची केबल १०० मीटरच्या मर्यादेमुळे बाद झालीच होती. शिवाय दोन इमारतींच्या अर्थिंगमधील फरक आणि जवळपास वीज पडल्यावर केबलमध्ये निर्माण होणारा विद्युतदाब यांमुळे पोर्ट जळण्याचा धोकाही असतो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. मात्र केबलला पोलादी चिलखत असेल, तर हा फायदा आपोआप मिळत नाही आणि त्याचे अर्थिंग नीट करावे लागते. म्हणून आम्ही पूर्णपणे धातूविरहित केबल निवडली.

ओएम-३ दर्जाचे मल्टिमोड (रुंद गाभ्याचे) फायबर १० गिगाबिटला ३०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे आजच्या गरजेला ते पुरले असते. पण त्याच्या ५० मायक्रॉनच्या गाभ्यातून प्रकाश अनेक मार्गांनी जातो, स्पंद पसरतात आणि वेग वाढवला की अंतर घटते. १०० गिगाबिटच्या एसआर-४ (मल्टिमोडवरील कमी अंतराच्या) प्रकारात ओएम-३ वर हे अंतर ७० मीटरवर येते आणि तंतूही आठ लागतात. सुमारे ९ मायक्रॉनच्या सिंगल मोड गाभ्यात प्रकाशाला एकच मार्ग असतो. तेथे एलआर-४ मॉड्यूल (स्विचमध्ये बसणारा, विजेचे संकेत प्रकाशात बदलणारा भाग) चार तरंगलांबी वापरून दोनच तंतूंवर १०० गिगाबिट दहा किलोमीटर नेते. जमिनीखालची केबल तशीच राहते, बदलायची ती फक्त दोन्ही टोकांची मॉड्यूल.

आम्ही दोन्हीकडे १३१० नॅनोमीटरची १० गिगाबिट एलआर (दहा किलोमीटरची) मॉड्यूल बसवली. इतक्या जवळून लेझर रिसीव्हर जाळेल, ही भीती वारंवार ऐकू येते, पण एलआरबाबत ती निराधार आहे: मानकानुसार प्रसारणाची कमाल पातळी आणि रिसीव्हरने सहन करायची कमाल पातळी दोन्ही ०.५ डीबीएम (प्रकाशशक्ती मोजण्याचे एकक) आहेत. चाळीस किलोमीटरच्या ईआर मॉड्यूलची गोष्ट वेगळी. तिथे कमी अंतरावर अॅटेन्युएटर (प्रकाश मुद्दाम कमी करणारा भाग) हवाच.

या सगळ्या काळात खरे लक्ष मागितले ते कनेक्टरांनी. ओएस-२ या सिंगल मोड फायबरचा क्षय, म्हणजे वाटेत प्रकाशात होणारी घट, किलोमीटरला फार तर ०.४ डेसिबल, म्हणजे आमच्या अंतरात तो ०.१ डेसिबलच्याही खाली राहतो. एकेका जोडावर मात्र त्याहून जास्त क्षय सहज होतो. गाभाच ९ मायक्रॉनचा असल्याने डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही प्रकाश अडवतो. म्हणून पाकिटातून नुकताच काढलेला पॅच कॉर्डसुद्धा (जोडणीची छोटी केबल) क्लीनर पेनने पुसल्याशिवाय लावू नये आणि रिकाम्या मॉड्यूलवर टोपी कायम ठेवावी. बसवणीच्या दिवशीच मॉड्यूलच्या निदान-माहितीत दिसणारी, रिसीव्हरवर पोचणाऱ्या प्रकाशाची पातळी नोंदवून ठेवली, याचा फार उपयोग झाला. रॅकमधील फेरमांडणीनंतर ती दीडेक डेसिबलने उतरलेली दिसली, तेवढ्याने जोडणी तुटली नव्हती, आणि टोके पुसताच पातळी पूर्ववत झाली. पुसण्यापूर्वी मॉड्यूल बंद आहे याची खात्री करावी, कारण हा प्रकाश अवरक्त असतो आणि दिसत नाही.

कनेक्टरच्या रंगांकडेही लक्ष हवे. एलआरसारख्या इथरनेट मॉड्यूलना निळे यूपीसी (सरळ घासलेल्या टोकाचे) कनेक्टर लागतात. हिरव्या एपीसीचे टोक आठ अंशांनी तिरके घासलेले असते आणि दोघांची जोडी जमवली तर क्षय वाढतोच, टोकांना इजाही होऊ शकते.

मॉड्यूल घेताना सुसंगतीचा जाच होतो, हे मान्य करायला हवे. काही स्विच स्वतःच्या कंपनीच्या कोडिंगविना (मॉड्यूलमधील ओळख-माहितीविना) मॉड्यूल स्वीकारतच नाहीत, त्यामुळे प्रत्येक टोकाला त्या त्या स्विचला चालणारे मॉड्यूल घ्यावे. तरंगलांबी आणि मानक जुळत असेल, तर दोन्ही टोकांना वेगवेगळ्या कंपन्यांची मॉड्यूल चालतात. वेगाबाबत मात्र तडजोड नाही. तांब्याच्या पोर्टप्रमाणे १० गिगाबिटचे एलआर मॉड्यूल आपणहून १ गिगाबिटवर उतरत नाही. आमच्या एका जुन्या स्विचला १ गिगाबिटचेच पोर्ट असल्याने त्या जोडणीसाठी दोन्ही टोकांना एलएक्स (१ गिगाबिटची) मॉड्यूल घालावी लागली आणि नव्या स्विचच्या पोर्टचा वेग हाताने ठरवून द्यावा लागला.

फायबरवरून वीज पाठवता येत नाही, त्यामुळे पलीकडच्या इमारतीतील कॅमेरे आणि वायफाय उपकरणांसाठी तिथेच पीओई स्विच (तांब्याच्या नेटवर्क केबलवरूनच वीज देणारा) आणि त्याला यूपीएस द्यावा लागला. केबल निवडताना गरजेपेक्षा जास्त तंतूंची घ्यावी, कारण खर्च मुख्यतः खोदाईचा असतो. तंतू कमीच असतील, तर १२७० आणि १३३० नॅनोमीटरची बायडी (द्विदिश) मॉड्यूल एकाच तंतूवर दोन्ही दिशांची वाहतूक करतात; ती मात्र एकमेकांना पूरक अशा जोडीनेच घ्यावी लागतात, आणि सुटी बदली ठेवायची तर दोन्ही प्रकारची ठेवावी लागते.