ग्रिनिच व्हिलेजचा एलजीबीटी इतिहास: गाइडबरोबर पाहावा की नकाशा घेऊन?

न्यूयॉर्कला जाण्याचे ठरले असेल आणि मॅनहॅटनच्या ग्रिनिच व्हिलेज या भागातला एलजीबीटी चळवळीचा इतिहास पायी फिरून पाहायचा असेल, तर गाइडबरोबर गटाने फिरता येते किंवा ‘एनवायसी एलजीबीटी हिस्टॉरिक साइट्स प्रोजेक्ट’चा ऑनलाइन नकाशा फोनवर उघडून आपले आपणही फिरता येते. मी दोन्ही प्रकारे फिरलो आहे. २८ जून १९६९ च्या पहाटे स्टोनवॉल इन या समलिंगींच्या बारवर पोलिसांची धाड पडली आणि त्यातून पेटलेल्या दंगलीने समलिंगी हक्कांच्या चळवळीला जोर आला, हे वाचकाला ठाऊक असेल असे मी धरून चालतो.

गाइडचे मोल मला सर्वाधिक जाणवले ते ज्युलियस बारपाशी. वेस्ट टेन्थ स्ट्रीट आणि वेव्हर्ली प्लेसच्या कोपऱ्यावरचा हा बार बाहेरून इतका साधा आहे की एकटा माणूस सहज पुढे निघून जाईल. २१ एप्रिल १९६६ रोजी समलिंगींच्या हक्कांसाठी झटणाऱ्या मॅटाशिन सोसायटीच्या कार्यकर्त्यांनी इथे ‘आम्ही समलिंगी आहोत’ असे सांगून दारू मागितली आणि बारटेंडरने नकार देत ग्लासवर हात ठेवला. तो क्षण छायाचित्रात टिपला गेला आहे. हा प्रसंग मी आधी वाचलेला होता, तरी त्या दारासमोर उभे राहून जाणत्या माणसाच्या तोंडून तो ऐकताना, स्टोनवॉलच्या तीन वर्षे आधीच लढा सुरू झाला होता हे मनात पक्के बसले. त्यातच मध्ये थांबवून प्रश्न विचारता येतो, ही सोय फोन देत नाही.

स्वतः फिरताना त्रास होतो तो रस्त्यांचा. व्हिलेजमध्ये मॅनहॅटनची सरळ चौकट मोडते, वेस्ट फोर्थ स्ट्रीट चक्क वेस्ट टेन्थला छेदून जातो, आणि अरुंद फुटपाथवर फोनमध्ये डोके घालून उभे राहिल्याने येणाऱ्याजाणाऱ्यांची अडचण होते, ती वेगळीच.

एवढे असूनही माझा कौल बदलला तो एड्स स्मारकापाशी. समोरच्या सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयात १९८४ मध्ये एड्सच्या रुग्णांसाठी स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला होता. २०१० मध्ये रुग्णालय बंद पडले आणि तिथे आता महागडी घरे आहेत. २०१६ मध्ये खुल्या झालेल्या या स्मारकाच्या पांढऱ्या पोलादी छताखाली, ग्रॅनाइटच्या फरशीवर, कवी वॉल्ट व्हिटमनच्या ‘साँग ऑफ मायसेल्फ’ या कवितेतल्या ओळी वर्तुळाकार कोरल्या आहेत. त्या वाचायच्या तर मान खाली घालून, पावलापावलाने आपल्यालाच गोल फिरावे लागते. आमचा गट इथे पोहोचला तोवर ठरलेली वेळ संपत आली होती. क्रिस्टोफर पार्कमधल्या शिल्पकार जॉर्ज सीगलने घडवलेल्या पुतळ्यांपाशी फोटो काढण्यात बराच वेळ गेला होता. पहिले वर्तुळही पुरे वाचून झाले नव्हते, तोच ‘चला, पुढे’ अशी हाक आली. ज्या ठिकाणी इतकी माणसे गेल्याची आठवण जपली आहे, तिथून असे हुसकावल्यासारखे निघावे लागणे मला फार लागले. गाइडचा त्यात दोष होता असे म्हणवत नाही, कारण गटाला वेळेचे बंधन असणारच. पण पुढे मी एकटा त्याच जागी गेलो, मनासारखा थांबलो, आणि तेव्हाच ते स्मारक खऱ्या अर्थाने पाहिले असे वाटले.

ज्यांच्या हाती एकच दुपार आहे किंवा ज्यांचे या विषयावर फारसे वाचन झालेले नाही, त्यांनी गाइडबरोबर जाणे कदाचित अधिक बरे. मात्र थोडे वाचून जाणाऱ्याला मी नकाशाच सुचवेन. क्रिस्टोफर स्ट्रीटच्या १५ क्रमांकापासून निघावे, जिथे क्रेग रॉडवेल यांनी सुरू केलेले, समलिंगी साहित्याचे ‘ऑस्कर वाइल्ड’ हे पुस्तकांचे दुकान २००९ पर्यंत चालू होते. मग स्टोनवॉल, ज्युलियस आणि एड्स स्मारक करत वेस्ट थर्टीन्थ स्ट्रीटवरच्या एलजीबीटी सेंटरपर्यंत जावे. १९८७ मध्ये एड्सविरुद्ध लढणाऱ्या ‘अ‍ॅक्ट अप’ या संघटनेची सुरुवात त्याच सेंटरमध्ये झाली, आणि चित्रकार कीथ हेरिंग यांचे १९८९ चे भित्तिचित्रही तिथेच आहे, ते पाहायचे असेल तर सेंटरच्या वेळा आधी बघून घ्याव्यात.