डीबीए की सागा? रोमच्या पडत्या काळातल्या लढाया टेबलावर मांडण्याआधी

रोमन साम्राज्याच्या पडत्या काळातल्या, म्हणजे इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांतल्या लढाया मिनिएचर सैनिकांनी खेळायच्या म्हटलं की बहुतेकांची गाडी दोन नियमावल्यांपाशी येऊन अडते: डीबीए आणि सागा. दोन्ही उत्तम आहेत. पण एकीसाठी रंगवलेलं सैन्य दुसरीत जसंच्या तसं चालत नाही, म्हणून पहिला डबा घेण्याआधीच ठरवलेलं बरं. खर्च आणि जागा नंतर बघा. आधी हे ठरवा की टेबलावर तुम्हाला अख्ख्या फौजेचा सेनापती व्हायचंय की चाळीस-पन्नास माणसांचा सरदार.

डीबीए, म्हणजे डी बेलिस अँटिक्विटॅटिस, ही फिल बार्कर आणि सहकाऱ्यांची नियमावली 1990 मध्ये आली, 3.0 आवृत्ती 2014 ची. प्रत्येक बाजूला बरोबर 12 बेस, म्हणजे काही सैनिक एकत्र चिकटवलेल्या छोट्या पट्ट्या. 15 मिमीच्या सैनिकांसाठी बेसची रुंदी 40 मिमी, म्हणजे सगळी फौज एका रांगेत लावली तर 48 सेंटीमीटर, आणि पट 60 सेंटीमीटरचा. दोन्ही बगलांना जेमतेम 6-6 सेंटीमीटर उरतात, आणि डावाची सगळी चुरस तिथेच असते.

दर पाळीला एक फासा टाकायचा, पडेल तेवढ्या हालचाली करायच्या. एकमेकांना चिकटून उभे असलेले बेस एकाच हालचालीत पुढे सरकतात; रांग मोडली की प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी हालचाल खर्च होते. नवखे हमखास इथे फसतात: तिसऱ्या पाळीपर्यंत रांगेचे चार तुकडे होतात आणि फाशावर नेमका एक पडतो.

आता एक चकमक जवळून बघा. रोमन पायदळाचा ‘ब्लेड’ (तलवारी घेऊन लढणारं पायदळ) बेस, समोर गॉथ या जर्मेनिक टोळीचा ‘वॉरबँड’ (बेभान तुटून पडणारं टोळीचं पायदळ). ब्लेडला पायदळाविरुद्ध 5 गुण, वॉरबँडला 3. रोमनाला फाशावर 2 पडले, गॉथाला 5. बेरीज 7 विरुद्ध 8. थोडक्यात हरलेला बेस एरवी नुसता मागे हटतो, समोरच्याची बेरीज दुप्पट झाली तरच मरतो. पण वॉरबँडकडून हरलेला ब्लेड जागच्या जागी संपतो. तोच गॉथ 6 विरुद्ध 7 ने हरला असता तर फक्त मागे सरकला असता. सपाट मैदानावर ‘नाइट’ गटातल्या घोडेस्वारांकडून हरला तरी ब्लेडची हीच गत. त्यामुळे रोमन खेळाडूला रांगेची टोकं जिवापाड सांभाळावी लागतात, कारण टोकावर शत्रूचा बेस ओव्हरलॅप करून, म्हणजे आपल्या टोकाच्या बाहेर लागून, उभा राहिला की आपला 1 गुण जातो. चार बेस गेले, आणि शत्रूचे त्याहून कमी गेले असतील, तर डाव गेला. 378 साली एड्रियानोपलला गॉथ घोडदळ बगलेवर आदळलं, रोमन पायदळ दाटीत अडकलं आणि सम्राट व्हॅलेन्स मारला गेला. ती कोंडी या 12 बेसांत तासाभरात डोळ्यांसमोर उभी राहते. सागात ती दिसत नाही.

सागा फ्रान्सच्या स्टुडिओ टॉमाहॉकची, पहिली आवृत्ती 2011 ची, दुसरी 2018 ची. इथे सैनिक 28 मिमीचे आणि प्रत्येकाचा बेस सुटा. नेहमीची टोळी 6 गुणांची: एका गुणात 4 हर्थगार्ड (सरदाराची हुजुरात), किंवा 8 वॉरियर, किंवा 12 लेव्ही, म्हणजे जमवलेली शिबंदी. सरदाराचे गुण मोजत नाहीत. दोन गुणांची हुजुरात, तीन गुणांचे वॉरियर आणि एका गुणाची शिबंदी घेतली की सरदारासह 45 सैनिक झाले. टेबल साधारण 120 बाय 90 सेंटीमीटरचं.

सागाचा जीव तिच्या बॅटलबोर्डात, म्हणजे प्रत्येक जमातीच्या डावांच्या तक्त्यात, आहे. फासे टाकायचे, चिन्हांनुसार ते बोर्डावर ठेवायचे आणि त्यांतून तुकड्या हलवायच्या किंवा आपल्या जमातीचे खास डाव वापरायचे. खास फासे नसले तरी अडत नाही: 1 ते 3 म्हणजे साधं चिन्ह, 4-5 मधलं, 6 दुर्मीळ. नेहमीची चूक म्हणजे सगळे फासे आकर्षक डावांवर लावणं आणि तुकडी हलवायला एकही न उरणं. दुसरी चूक थकव्याची. एकाच पाळीत तुकडी दुसऱ्यांदा हलवली की तिला थकव्याचं टोकन मिळतं, हातघाईनंतरही मिळतं, आणि ते टोकन शत्रू तुमच्याचविरुद्ध वापरतो. अधाशीपणे पुढे गेलेली हुजुरात अशीच कापली जाते.

रोमन फौजा गेल्यानंतरचा ब्रिटन, सॅक्सन आणि पिक्ट यांच्या धाडी, गावाच्या वेशीवरची झटापट यांना सागाच शोभते.

रंगकामात फरक मोठा आहे. हूण घ्यायचे असतील तर डीबीएत हलक्या घोडदळाच्या बेसवर दोनच स्वार, म्हणजे पंचवीस-तीस छोट्या घोड्यांत फौज तयार. सागात तेच हूण 28 मिमीचे, एकेक घोडा सुटा रंगवायचा, महिने जातात. उलट 15 मिमीवर चेहरा, ढालीवरची नक्षी फारशी उठून दिसत नाही. ज्याला ब्रश हातात धरायलाच आवडतं त्याने सागा घ्यावी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात मात्र स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा थर) आणि मॅट वार्निश टाळा. हवेतल्या ओलीने पांढुरका थर धरतो. ब्रशने लावायचा प्रायमर वापरा.

डीबीएत एकाच पुस्तकात शेकडो फौजांच्या याद्या मिळतात, पण भाषा किचकट. एकेका वाक्यात चार अटी कोंबलेल्या. सागाला मूळ नियम आणि त्या कालखंडाचं पुस्तक अशी दोन पुस्तकं लागतात, पण ती चित्रं-उदाहरणांसह समजावून सांगतात.

शहरात दुसरा खेळाडू नसेल तर मात्र डीबीएच घ्या: 24 बेसांत दोन्ही फौजा आपल्याच घरी तयार होतात आणि मित्राला नुसतं खेळायला बोलावता येतं. सागात दोन टोळ्या म्हणजे नव्वद सैनिक.

तरीही मन डळमळत असेल तर पुठ्ठ्याचे 24 तुकडे कापा, 40 मिमी रुंद. पायदळाचे 15 ते 20 मिमी खोल, घोडदळाचे 30 मिमी. वर पेनाने ब्लेड, वॉरबँड, नाइट लिहा, 60 सेंटीमीटर हिरवं फेल्ट अंथरा आणि तीन डाव खेळा. तिसऱ्या डावात रांग सांभाळण्यातच रस वाटू लागला तर डीबीए. आणि त्या एका पुठ्ठ्याच्या तुकड्याला नाव द्यावंसं वाटलं, तर सागा.