सोफ्याच्या उशांना लंबाणी भरतकाम की कच्छी सूफ?

गोव्यात हणजूणच्या (अंजुना) बुधवारच्या बाजारात लंबाणी (बंजारा) बायका स्वतःच अभ्रे विकायला बसतात. आरसे, कवड्या, भडक लाल-निळे रंग. पैसे थेट बाईच्या हातात, म्हणून उगाच घासाघीस नको. मशीनचा मालही मिसळलेला असतो, तेव्हा अभ्रा उलटा करून टाके बघाच. शिवाय आपल्या पावसाळ्यात धातूचे घुंगरू काळे पडतात आणि दुपारी आडवं झालं की कवडी गालाला टोचते.

सूफ महाग. कापडावर रेघ न ओढता, धागे मोजून, उलट बाजूने भरतात! कच्छच्या बायकांना 1969 पासून भरतकामाचं काम देणारी 'श्रुजन' ही संस्था भरवशाची. रोजच्या सोफ्याला मी सूफच घेईन. लंबाणी भिंतीवर शोभते.