बटणांच्या जावा फोनवर ऑपेरा मिनी: सोंगणी ते उलंगवाडी

सोयाबीनच्या सोंगणीपासून कापसाच्या उलंगवाडीपर्यंत, म्हणजे शेवटच्या वेचणीपर्यंत, ऑपेरा मिनी हे ब्राउझर रोज वापरलं. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. घरी कॉम्प्युटर नाही, बटणांचा जावा फोन (जावातली छोटी ॲप चालणारा साधा फोन) आहे. अशा फोनवर मराठी वाचायचं असेल तर याला तोड नाही, असं माझं ठाम मत झालंय.

फोनमधल्या मूळ ब्राउझरवर वॅपची, म्हणजे साध्या फोनसाठी बनवलेली छोटी पानं उघडायची, पण तिथे क्रिकेटचा स्कोअर आणि रिंगटोन यांच्यापुढे फारसं काही नसायचं. मराठी वर्तमानपत्र उघडलं की एकतर मेमरी पुरत नाही, नाहीतर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. ऑपेरा मिनी पान थेट फोनवर आणतच नाही. आधी कंपनीचा सर्व्हर ते उघडतो, चित्रं बारीक करतो, सगळं दाबून लहान करतो आणि मग आपल्याकडे पाठवतो. तेव्हा 10 केबीला 10 पैसे कटायचे, अशा सिमवर हा फरक लगेच बॅलन्समध्ये दिसायचा.

चौकोनांवर उपाय आहे, तो प्रत्येकाने करावाच. पत्त्याच्या जागी इंग्रजीत ‘ऑपेरा’, मग कोलन, मग ‘कॉन्फिग’ टाइप करा. खाली ‘बिटमॅप फॉन्ट’ची ओळ दिसेल, तिथे ‘यस’ करून सेव्ह करा. मग सर्व्हर मराठी मजकुराची चित्रंच करून पाठवतो. फोनमध्ये फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं, वेलांट्या बरोबर जागेवर येतात. पान थोडं जड होतं, तरी मी हे कधी बंद करत नाही. बाबा संध्याकाळी विचारतात, “अकोल्याले तूर काय भाव गेली रे आज?” मी फोनच त्यांच्या हातात देतो आणि ते स्वतः वाचतात. मला याचं फार अप्रूप आहे.

तेव्हा नवीन सिमवर ऑपेरा मिनीसाठी सिम कंपनीकडून वॅपची नाही, इंटरनेटची सेटिंग मागवावी लागायची.

आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र पान हलत नाही. जीपीआरएसमध्ये, म्हणजे 2जी फोनच्या इंटरनेटमध्ये, टॉवर आधी कॉलला जागा देतो, उरेल ती डेटाला. पहाटे तेच पान झपकन येतं. यादीतून जिल्हा, मग बाजार समिती निवडायची असेल तर दर निवडीला सर्व्हरपर्यंत नवी फेरी होते, तिथेही धीर धरावा लागतो.

बँकेचं काम यावर करू नका. कुलूपबंद (https) पानसुद्धा सर्व्हरवर उघडलं जातं आणि मग पुन्हा बंद होऊन फोनवर येतं, म्हणजे पासवर्ड वाटेत तिसऱ्याच्या मशीनवर मोकळा होतो. पैशांच्या कामासाठी मी पासबुक घेऊन दर्यापूरलाच जातो.