गॅसचं बिल फुगलंय: बॉयलर बदलायचा, की आहे तोच नीट लावायचा?

नोव्हेंबर लागला की इंग्लंडमधल्या आपल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: "तुमचं गॅसचं बिल किती आलं?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: "नवीन बॉयलर बसवू का?" (बॉयलर म्हणजे गॅसवर पाणी तापवून ते नळांना आणि खोल्या गरम ठेवणाऱ्या रेडिएटरना पुरवणारं यंत्र.) मी त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर सही करायच्या बेतात होते, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमचं घर रेडिंगमधलं, 1930 च्या दशकातलं, तीन बेडरूमचं. घर घेतल्यावर पहिल्या वर्षात 18,000 युनिट (किलोवॉट-तास) गॅस जळला. वीज-गॅस कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ऑफजेमने 2023 मध्ये मध्यम वापराच्या घराला वर्षाला 11,500 युनिट धरले होते आणि जास्त वापराच्या घराला 17,000. म्हणजे आम्ही जास्तवाल्यांच्याही पुढे. सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाने वीस मिनिटांत निदान केलं: बॉयलर बारा वर्षांचा झालाय, बदलून टाका. कोटेशन 3,200 पौंडांचं.

खाली जे हिशोब दिलेत, त्यांत गॅस 6 पेन्स आणि वीज 25 पेन्स युनिट धरली आहे. दर तीन महिन्यांनी बदलतात, तेव्हा स्वतःच्या बिलावरचे आकडे घालून गणित पुन्हा करा.

आधी मीटर

कुठलाही पर्याय निवडण्याआधी जुलैतल्या एका आठवड्याचं आणि जानेवारीतल्या एका आठवड्याचं रीडिंग काढा. जुलैत हीटिंग बंद असतं, त्यामुळे तेव्हा जळतो तो गॅस आंघोळीचा आणि स्वयंपाकाचा. आमचा तो दिवसाला 8 युनिट निघाला, म्हणजे वर्षाचे साधारण 3,000. उरलेले 15,000 निव्वळ घर गरम ठेवण्यात जात होते. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या आणि आपल्या दुपारच्या चहामुळे बिल वाढतंय असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. शेगडीवर दोन्ही वेळचा स्वयंपाक केला तरी दिवसाला युनिट-दीड युनिट जातं, हे आकडे दाखवल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. ज्येष्ठ माणसांना चहाची चोरी वाटावी असं या बिलात काही नसतं.

आणखी एक तपासा. जुने मीटर शंभर घनफुटात मोजतात, नवे घनमीटरमध्ये. 1 घनमीटर गॅस म्हणजे सुमारे 11 युनिट. मीटर एका मापाचा आणि बिल दुसऱ्या मापाने केलेलं असेल, तर रक्कम जवळजवळ पावणेतीनपट चुकते. मीटरच्या तबकडीवर काय लिहिलंय ते बिलाशी ताडून बघायला पाच मिनिटं लागतात.

पहिला पर्याय: बॉयलरमधल्या पाण्याचं तापमान उतरवणं

याला खर्च शून्य, आणि याच्याबद्दलच कुणी नीट सांगत नाही.

2005 पासून इंग्लंडमध्ये बसलेले बहुतेक सगळे गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे आहेत. 1 घनमीटर गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन तयार होतं. ती वाफ धुराड्यातून तशीच गेली तर तिच्यातली उष्णताही बाहेर जाते. बॉयलरच्या आत तिचं पुन्हा पाणी झालं तर ती उष्णता घराला मिळते. पण त्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असावं लागतं. बसवणारे लोक बॉयलर 75-80 अंशांवर लावून निघून जातात. मग पाणी 60-65 अंशांनी परत येतं आणि वाफ काही पाणी होत नाही. कंडेन्सिंग बॉयलरचे पैसे मोजून आपण त्याच्याकडून जुन्या बॉयलरसारखं काम करून घेत बसतो.

आमच्याकडे बॉयलरमधून निघणारी पांढरी प्लॅस्टिकची नळी स्वयंपाकघराच्या भिंतीबाहेर गटाराच्या जाळीवर सुटते. डायल 75 वर होता तेव्हा ऐन थंडीतही तिचं तोंड जवळपास कोरडं असायचं. एका शनिवारी डायल 58 वर आणला आणि मुलाने नळीखाली जुना मेजरिंग जग ठेवला. तासाभरात पाव लिटरच्या जरा वर पाणी जमलं. आधी हीच वाफ तिच्या उष्णतेसकट आभाळात जात होती. (त्या पाण्यात किंचित आम्ल असतं, हात धुवा आणि झाडांना घालू नका.)

तापमान उतरवलं की रेडिएटर हाताला चटका देत नाहीत, कोमट-गरम लागतात. पहिले दोन दिवस घरातल्यांना वाटतं की हीटिंग बिघडलं. ते बिघडलेलं नसतं, घर फक्त सावकाश तापतं. म्हणून सकाळी अर्धा-पाऊण तास आधी सुरू करावं लागतं. कडाक्याची थंडी पडली तर डायल 65 वर न्या, वारं फिरलं की परत खाली आणा. बॉयलर बनवणाऱ्यांच्या संघटनेचा आणि या विषयावर मोहीम चालवणाऱ्या नेस्टा संस्थेचा अंदाज 6 ते 8 टक्के बचतीचा आहे. आमच्या 15,000 युनिटांवर 8 टक्के म्हणजे 1,200 युनिट, वर्षाला 72 पौंड.

कॉम्बी बॉयलरवर, म्हणजे टाकीशिवाय नळाचं पाणीही थेट तापवणाऱ्या बॉयलरवर, दोन खुणा असतात, रेडिएटरची आणि नळाची. आपण रेडिएटरची फिरवायची. त्याच वेळी नळासाठी पाणी आधीच तापवून ठेवणारा प्री-हीट बंद करून टाका. तो चालू असला की कुणी नळ सोडो न सोडो, बॉयलर दिवसभर मधूनमधून पेटत राहतो. बंद केल्यावर नळाला गरम पाणी यायला थोडा वेळ जास्त लागतो, इतकंच. ज्यांच्या कपाटात गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी मात्र जपून. टाकीतलं पाणी 60 अंशांच्या खाली साठवलं तर लीजिओनेला हे आजार पसरवणारे जंतू वाढण्याचा धोका असतो. तिथे बॉयलर 65 च्या खाली नेऊ नका.

बॉयलरचं झाकण स्वतः उघडायचं नाही. डायल आणि बटणं आपली, आतलं सगळं गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाचं. तो आलाच, तर त्याला दोन कामं सांगा: रेडिएटर बॅलन्स करायला (म्हणजे सगळे सारखे तापतील असे लावायला) आणि हीटिंगची कमाल ताकद घराच्या गरजेइतकी उतरवायला. आंघोळीच्या पाण्यासाठी 30 किलोवॉटचा बॉयलर लागतो, पण आमच्यासारख्या घराला कडक थंडीतही 7-8 किलोवॉट पुरतात. ताकद जास्त असली की बॉयलर दर चार मिनिटांनी पेटतो-विझतो, आणि गॅस वाया जातो.

दुसरा: स्मार्ट थर्मोस्टॅट

यात दोन जाती आहेत आणि दुकानात त्या वेगळ्या करून कुणी दाखवत नाही. एक फक्त बॉयलर चालू-बंद करते, फोनवरून. तुम्ही वेळा आधीच नीट लावत असाल तर तिच्याने फारसा फरक पडत नाही. दुसरी बॉयलरशी बोलते आणि खोलीच्या किंवा बाहेरच्या हवेच्या मानाने पाण्याचं तापमान कमी-जास्त करते. घ्यायचीच तर ही दुसरी, आणि आपला बॉयलर तिच्याशी जुळतो का ते आधी विचारून. खोलीचं तापमान 1 अंशाने उतरवलं तरी हीटिंगचा खर्च बऱ्यापैकी घटतो, पण त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. घरात तान्हं बाळ किंवा वयस्कर माणूस असेल तर 18 च्या खाली जायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचाही तोच सल्ला आहे. बचतीसाठी आईवडिलांना दोन स्वेटरांत बसवणं मला मान्य नाही.

तिसरा: लॉफ्टचं इन्सुलेशन

लॉफ्टमध्ये, म्हणजे छताखालच्या पोटमाळ्यावर, उष्णता अडवणारा थर 270 मिलिमीटर जाडीचा असावा अशी सध्याची शिफारस आहे. आमच्या लॉफ्टमध्ये 75 मिलिमीटरचं, दबून पापडासारखं झालेलं होतं. टॉर्च आणि पट्टी घेऊन वर चढा आणि मोजा. मजुरी धरून आम्हाला 750 पौंड पडले. हे काम बॉयलरपेक्षा जास्त टिकतं आणि पुढे बॉयलर बदला की हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र) घ्या, दोन्हीला उपयोगी पडतं. दोन भिंतींमध्ये पोकळी असेल तर ती भरण्याने याहूनही मोठा फरक पडू शकतो. पण पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीत ओल शिरते, तेव्हा आधी पाहणी करून घ्या.

चौथा: नवा बॉयलर

इथे तुमचा बॉयलर कुठल्या जातीचा आहे यावर सगळं ठरतं. 2005 च्या आधीचा, कंडेन्सिंग नसलेला, 72 टक्के कार्यक्षमतेचा असेल आणि नवा 90 टक्क्यांनी चालला, तर 18,000 चे 14,400 युनिट होतात. वर्षाला 216 पौंड, म्हणजे 3,200 पौंड पंधरा वर्षांत वसूल. बॉयलर म्हातारा आणि कुरकुरणारा असेल तर करण्यासारखं आहे.

पण आमच्यासारखा बारा वर्षांचा कंडेन्सिंग असेल, तर नव्याने जेमतेम 3-4 टक्के मिळतील, वर्षाला 40 पौंडांच्या आसपास. तेवढ्यात 3,200 फेडायला ऐंशी वर्षं लागतील. आणि नवा बॉयलर बसवणाऱ्याने पुन्हा 75 अंशांवर लावून दिला, तर तेही नाही. सही करायला काढलेलं पेन मी तिथेच खाली ठेवलं.

पाचवा: हीट पंप

इंग्लंड आणि वेल्समध्ये हवेवरच्या हीट पंपासाठी बॉयलर अपग्रेड स्कीममधून 7,500 पौंडांचं अनुदान आहे. आमच्या घराला वर्षाला सुमारे 15,300 युनिट उष्णता लागते. पंपाने एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता दिली तर 5,100 युनिट वीज, म्हणजे 1,275 पौंड. गॅसला 18,000 युनिटांचे 1,080, अधिक रोजचा स्थिर आकार वर्षाला शंभरेक. जवळजवळ बरोबरीच. पंप साडेतीनपट देत असेल किंवा विजेचा खास दर मिळत असेल तर पारडं पंपाकडे झुकतं. गॅस न जाळणं हे स्वतःच महत्त्वाचं वाटणाऱ्यांना बरोबरीचा खर्चही चालेल, आणि मला ते पटतं. पण बाहेर युनिटला जागा हवी, आत टाकीला जागा हवी, आणि बरेचदा रेडिएटर मोठे करावे लागतात. आपलं घर त्याला तयार आहे का हे पहिल्याच पर्यायातून कळतं. जानेवारीत बॉयलर 50-55 अंशांवर ठेवून घर उबदार राहिलं, तर पंपाचं निम्मं उत्तर मिळालं.

मग कुणी काय करावं

भाड्याच्या घरात असाल तर पहिला पर्याय, बस्स. घरमालकाची परवानगीही लागत नाही. स्वतःचं घर आणि बॉयलर 2005 नंतरचा असेल तर पहिला आजच, लॉफ्ट उन्हाळ्यात, आणि बॉयलरचे पैसे बाजूला ठेवून तो खरंच मोडेपर्यंत थांबा. बॉयलर त्याहून जुना असेल तर लॉफ्ट आधी करून घ्या आणि मगच बॉयलर की पंप ते ठरवा. घराची गरज घटली की दोन्ही लहान लागतात. बॉयलर बंद पडून डिसेंबरात घर गार झालं की माणूस मिळेल ते घेतो, म्हणून हा विचार मे महिन्यात करायचा.

आमचं सांगायचं तर डायल आणि प्री-हीट एवढ्यावर पहिल्या हिवाळ्यात 18,000 चे 16,400 झाले. लॉफ्ट केल्यावर 15,600. दोन वर्षांची थंडी सारखी नसते, त्यामुळे सगळं श्रेय मी डायलला देत नाही. बॉयलर तोच आहे, यंदा चौदाव्यात. दर रविवारी मीटरचा आकडा मुलगा फ्रिजवरच्या कागदावर लिहितो.