पाच तबकड्यांतला एल्व्हिस

एल्व्हिस प्रेस्लीची गाणी विकत घ्यायची म्हटले की पहिली अडचण उभी राहते ती निवडीची. त्याच्या गाण्यांच्या संकलनांना तोटा नाही आणि त्यांतील बहुतेकांत तीच वीस-पंचवीस गाजलेली गाणी मागेपुढे करून लावलेली असतात. मीही अनेक वर्षे अशाच एका संकलनावर भागवले आणि एल्व्हिस म्हणजे देखणा चेहरा, कंबरेची लचक आणि नशिबाची साथ, एवढेच मत बाळगून राहिलो. आरसीए कंपनीने १९९२ मध्ये काढलेला ‘द किंग ऑफ रॉक अँड रोल : द कम्प्लीट फिफ्टीज मास्टर्स’ हा पाच सीडींचा, १४० ध्वनिमुद्रणांचा संच सलग ऐकल्यावर मात्र ते मत मला मोडीत काढावे लागले.

या संचाची खरी किमया त्याच्या क्रमात आहे. गाणी लोकप्रियतेनुसार न लावता ढोबळ मानाने ती जशी मुद्रित होत गेली तशी लावली आहेत आणि त्यामुळे गाण्यांमागून गाणी ऐकता ऐकता एक चरित्रच उलगडत जाते. सुरुवात होते १९५३ च्या उन्हाळ्यातल्या ‘माय हॅपिनेस’ने. मिसिसिपीतल्या टुपेलो गावी, दोन खोल्यांच्या घरात ८ जानेवारी १९३५ रोजी जन्मलेला आणि तेराव्या वर्षी आईवडिलांबरोबर मेम्फिसला आलेला हा मुलगा नुकताच शाळेतून बाहेर पडला होता. युनियन अ‍ॅव्हेन्यूवरच्या सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत चार डॉलरला दोन सेंट कमी, अधिक कर, एवढे पैसे मोजून त्याने स्वतःसाठी एक तबकडी करून घेतली. तबकडीची खरखर, एकट्या गिटारची साथ आणि ओळीच्या शेवटी किंचित दबकणारा उंच आवाज ऐकताना या मुलाच्या हातून पुढे काही घडेल, अशी पैज लावायला मी तरी धजावलो नसतो.

आणि लगेच पुढे जुलै १९५४ येतो. गिटारवर स्कॉटी मूर, बासवर बिल ब्लॅक, ढोल-ताशाचा मागमूस नाही आणि आर्थर क्रुडपचे ‘दॅट्स ऑल राइट’ हे ब्लूज गाणे हे तिघे जणू सुट्टीवर निघाल्यासारखे उधळून देतात. त्याच सुमारास मुद्रित झालेल्या ‘ब्लू मून ऑफ केंटकी’त बिल मन्रोचा संथ, तीन मात्रांचा वॉल्ट्झ चार मात्रांच्या दौडीत बदललेला आहे. एका गाण्यात कृष्णवर्णीयांचे ब्लूज, दुसऱ्यात गोऱ्यांचे डोंगरी संगीत, आणि दोन्ही एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंना. रॉक अँड रोलची व्याख्या करू पाहणाऱ्यांनी आधी एवढे ऐकावे. दोन टेप यंत्रांच्या मदतीने फिलिप्सने साधलेला तो क्षणार्धाचा प्रतिध्वनी इथे मूळच्या मोनो स्वरूपात ऐकू येतो, हे विशेष सांगायला हवे, कारण मधल्या काळात याच मुद्रणांवर कृत्रिम स्टिरिओचा मुलामा चढवण्याचा उद्योग झाला होता. ‘मिस्टरी ट्रेन’ विरत जाताना एल्व्हिस हसतो ते हेडफोन लावून जरूर ऐकावे. मुद्रण चालू आहे याचे भानच त्याला उरलेले नसावे.

नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीएने त्याचा करार फिलिप्सकडून ३५ हजार डॉलरना विकत घेतला. त्यानंतरच्या ‘हार्टब्रेक होटेल’मधला प्रतिध्वनी मला आजही भुयारातून आल्यासारखा वाटतो, पण त्या गाण्याच्या एकाकीपणाला तो शोभतो. या संचातला माझा सर्वांत आवडता टप्पा मात्र २ जुलै १९५६ चा, न्यूयॉर्कमधला आहे. त्या एका दिवसात ‘हाउंड डॉग’चे ३१ आणि ‘डोन्ट बी क्रूएल’चे २८ प्रयत्न झाले आणि मनासारखे होईपर्यंत पुन्हा पुन्हा गाण्याचा हट्ट खुद्द गायकाचा होता. ‘हाउंड डॉग’ बिग ममा थॉर्नटनने आधीच गाजवले होते. तिच्या गाण्यातली ठसक एल्व्हिसकडे नाही, पण डी. जे. फोंटानाच्या ढोलाच्या फैरींवर तो ज्या त्वेषाने तुटून पडतो, तो त्याचा स्वतःचा आहे. एवढ्या प्रयत्नांनंतरही आवाजात शिळेपणा नाही, हे कष्टाचे काम आहे. नशिबाने ते होत नाही.

चित्रपटांसाठी गायलेली गाणी येतात तिथे संच थोडा रेंगाळतो. ‘जेलहाउस रॉक’ला तोड नाही, पण त्याच्या आसपासची काही गाणी पडद्यावरच बरी. सगळेच द्यायचे ठरवले की भरताड येणारच, आणि पुढच्या दशकात या गायकाची काय गत होणार त्याची चाहूल इथेच लागते. भक्तिगीते मात्र टाळू नयेत. ‘पीस इन द व्हॅली’त तो जितका निवांत वाटतो तितका अन्यत्र क्वचितच.

चौथ्या तबकडीच्या शेवटी जून १९५८ मधली पाच गाणी आहेत. मार्चमध्ये तो सैन्यात भरती झाला होता. रजेवर असताना नॅशव्हिलला जाऊन त्याने ती गायली. तो जर्मनीत असताना बाजार तापता ठेवण्यासाठी माल लागणारच होता. ‘अ बिग हंक ओ’ लव्ह’ ऐकताना वादक अधिक सफाईदार असल्याचे जाणवते, कारण स्कॉटी मूर आणि बिल ब्लॅक इथे नाहीत. मानधनावरून त्यांचे आधीच बिनसले होते. यानंतर दोनच महिन्यांनी, १४ ऑगस्टला, त्याची आई ग्लॅडिस गेली.

पाचव्या तबकडीत पर्यायी मुद्रणे आणि मैफलींतले तुकडे आहेत. ती अभ्यासूंसाठी ठीक आहे. मी ती दोनदा ऐकली आणि ठेवून दिली. सोबतच्या पुस्तिकेतला एल्व्हिसचे चरित्रकार पीटर गुरालनिक यांचा लेख मात्र पहिल्या तबकडीआधी वाचावा. १९६८ चे टीव्हीवरचे पुनरागमन किंवा लास व्हेगासचा झगमगाट ज्यांना हवा आहे, त्यांच्या कामाचा हा संच नाही. ज्यांच्याकडे गाजलेल्या गाण्यांचे संकलन आधीच आहे, त्यांनी तो आवर्जून घ्यावा आणि निदान पहिली तबकडी तरी एकही गाणे न वगळता, एका बैठकीत ऐकावी.