पिकलबॉलचं १६ मिमी पॅडल आणि जोरदार बॉलचा ब्लॉक: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकते. पिकलबॉलसाठी १६ मिमी जाडीचं पॅडल मी घेतलं ते एकाच दुखण्यापायी. किचन लाइनवर (किचन म्हणजे नेटजवळचा पट्टा, त्यात उभं राहून हवेतला बॉल मारता येत नाही) उभी असताना समोरून सणसणत आलेला बॉल माझ्या पॅडलला लागला की हमखास वर उडायचा आणि समोरच्याला आयता स्मॅश मिळायचा. काही महिने सतत वापरल्यावर हे दुखणं बरंचसं गेलंय. पण यात पॅडलचं श्रेय विचाराल तर मी फार तर चार आणे देईन. उरलेले बारा आणे सैल हाताचे आणि न हलणाऱ्या मनगटाचे. चार आण्यांसाठी नवं पॅडल घ्यावं का, याचं उत्तर तुम्ही आत्ता कशाने खेळताय त्यावर आहे.

माझं आधीचं पॅडल १३ मिमीचं, फायबरग्लासच्या पृष्ठभागाचं आणि लांबट होतं. नवं आहे १६ मिमी पॉलिप्रॉपिलीनच्या हनीकोंब कोअरचं (म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या गाभ्याचं), वर खरखरीत कार्बन फायबर, आकार रुंद, वजन २३० ग्रॅमच्या आसपास. नियमानुसार पॅडलची लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांपेक्षा जास्त चालत नाही आणि एकटी लांबी १७ इंचांच्या वर जात नाही. म्हणजे लांबट पॅडल घेतलं की रुंदीवर पाणी सोडावं लागतं. सर्व्हिसला आणि ड्राइव्हला (जोरात, सरळ मारलेल्या फटक्याला) लांबट बरं, पोहोचही वाढते. पण ब्लॉक करताना, म्हणजे जोरात आलेला बॉल नुसता अडवताना, तो मधोमध लागेलच याची खात्री नसते, तिथे रुंद पॅडल सांभाळून घेतं. दुकानात सगळे जाडीबद्दल बोलतात. मला विचाराल तर रुंदीचा फायदा तितकाच जाणवला, कदाचित थोडा जास्तच.

खरखरीत कार्बनचा एक न मागितलेला उपयोग झाला. बॉलच्या प्लॅस्टिकचे डाग त्यावर बसतात आणि रबराने घासल्याशिवाय जात नाहीत. सुरुवातीला खेळ संपल्यावर पॅडल उजेडात धरलं की डागांची गर्दी मधोमध नसून वरच्या टोकाकडे, तीही एका कडेला दिसायची. म्हणजे बॉल समोर घेण्याऐवजी मी शेवटच्या क्षणी बाजूला हात फेकत होते. कोणी कितीही समजावलं असतं तरी एवढं पटलं नसतं. आता मी मुद्दाम पॅडल पुसून खेळायला जाते आणि येताना डाग बघते. अलीकडे ते मध्याच्या जरा वर, पण बऱ्यापैकी एकवटलेले असतात.

आता वेळेचा हिशेब. किचन दोन्ही बाजूंना ७-७ फुटांचं, म्हणजे दोघं आपापल्या किचन लाइनवर असतील तर मध्ये १४ फूट. ताशी ६० किलोमीटरने निघालेला बॉल हे अंतर पाव सेकंदात कापतो. हवेमुळे तो थोडा मंदावतो, पण फार नाही. डोळ्यांनी बघून हात हलायलाच साधारण तेवढा वेळ लागतो. म्हणजे ‘बॉल बघून मग ठरवू’ ही सोय तिथे नाहीच. पॅडल आधीपासून छातीसमोर हवं, कोपर शरीराच्या पुढे हवेत आणि मारणाऱ्याचा खांदा व पॅडल बघून अंदाज बांधता यायला हवा. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून आलेल्या ड्राइव्हला मात्र २९ फूट मिळतात, जवळपास दुप्पट वेळ. मी शिकायला सुरुवात तिथून केली आणि तुम्हीही तिथूनच करा. थेट किचन लाइनवरच्या हाणामारीत उतरलात तर हात घट्ट आवळायची सवय लागते, आणि ती सुटता सुटत नाही.

हात घट्ट आवळणं हीच खरी मेख आहे. जोरात काही अंगावर आलं की मूठ आवळली जाते, शरीर कोणालाही न विचारता ते करतं. आवळलेल्या मुठीत पॅडल भिंत होतं आणि बॉल बऱ्याच वेगाने परत जातो. सैल पकडीत पॅडल बॉलसोबत किंचित मागे सरकतं आणि वेग खातं. दहापैकी तीन-चार इतकी पकड ठेवा, असं सगळेच सांगतात. मला तो आकडा काही उपयोगी पडला नाही, कारण माझी तीन म्हणजे दुसऱ्याची सात असू शकते. करंगळी आणि अनामिका हलकी आवळून तर्जनी जवळजवळ मोकळी ठेवली तेव्हा ते जमलं. बॉल लागताना हँडल तळव्यात जरासं थरथरलं पाहिजे. ते थरथरणं जाणवलं नाही की समजायचं, पुन्हा आवळलंय.

खरं तर बॉलचा वेग कमी करण्यासाठी वेगळं काही करायची गरज किती कमी आहे, हे मला बॉलच्या नियमातून कळलं. ७८ इंचांवरून ग्रॅनाइटच्या लादीवर सोडलेला बॉल ३० ते ३४ इंच उसळला पाहिजे, अशी अट आहे. उंचीवरून वेग काढला तर दगडावर आपटूनही बॉलचा सुमारे एक तृतीयांश वेग आपोआप जातो. हातातलं पॅडल तर दगड नाहीच, ते मागे ढकललं जातं, म्हणून आणखी वेग जातो. बॉल नेटवरून जाऊन समोरच्या किचनमध्ये पडायचा तर परतीचा वेग निम्म्याहून बराच कमी हवा. त्यातलं बरंचसं काम बॉल आणि पॅडल आपसांत उरकतात. आपण फक्त त्यात भर घालायची नाही. पण नेमकं तेच अवघड जातं, विशेषतः बॅडमिंटनमधून आलेल्यांना. आमचं मनगट शटल झटकायला शिकलेलं असतं आणि पुढ्यात काही आलं की ते झटकतंच. टेबल टेनिसवाल्यांना ब्लॉक पटकन जमताना मी पाहिलंय.

पॅडलचा कोन हा दुसरा भाग, आणि इथे जाड पॅडल काहीच मदत करत नाही. टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) असलेला बॉल पॅडलवरून वर चढतो, म्हणून पॅडलचं तोंड किंचित खाली झुकवावं लागतं. स्लाइस केलेला, म्हणजे उलट फिरकीचा बॉल खाली घसरतो आणि नेटमध्ये जातो, तिथे तोंड थोडं उघडायचं. हे वाचायला सोपं आहे. कोर्टवर, समोरच्याचं पॅडल खालून वर गेलं की वरून खाली आलं, एवढंच बघायची सवय लावली. बॉलकडे बघून स्पिन ओळखणं मला अजून जमत नाही आणि त्याची गरजही वाटत नाही. खरखरीत पृष्ठभागाचा इथे उलट त्रास होतो. तो बॉलला धरतो, त्यामुळे टॉपस्पिनचा परिणाम फायबरग्लासच्या पॅडलपेक्षा जास्त जाणवतो. पहिले काही आठवडे माझे ब्लॉक आधीपेक्षा उंच जात होते, ते यामुळेच. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

जागेचं म्हणाल तर बॅकहँड. उजव्या हाताने खेळणाऱ्याने पॅडल जरा डावीकडे, घड्याळात दहा-अकरा वाजता काटा असतो तसं धरून उभं राहायचं. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत जवळपास सगळं बॅकहँडने झाकलं जातं. जाणकार खेळाडू मारतात ते उजव्या खांद्याच्या किंवा काखेच्या दिशेने, कारण तिथे फोरहँड घ्यायला गेलं की कोपर बाहेर येऊन हात अडकतो. याला खेळाडू ‘चिकन विंग’ म्हणतात. तिथेही बॅकहँडच घ्यायचा, वाटल्यास अर्धं पाऊल सरकून जागा करायची. आणि बॉल लागायच्या क्षणी पाय थांबलेले हवेत. धावत पुढे येताना घेतलेला ब्लॉक पॅडल कितीही मऊ असलं तरी लांबच जातो, कारण तुमच्या धावण्याचा वेग त्यात मिसळतो. समोरचा मारणार असं दिसलं की जिथे असाल तिथे दोन्ही पाय टेकवून थांबा, मग ती जागा किचन लाइनच्या तीन फूट मागे का असेना.

ब्लॉक कुठे टाकायचा, यावर मात्र माझं मत प्रचलित सल्ल्यापेक्षा वेगळं बनलंय. ‘सॉफ्ट ब्लॉक करून किचनमध्ये पाड’ हे सरसकट सांगितलं जातं. समोरचे दोघंही किचन लाइनवर असतील आणि त्यांच्यापैकी एकाने डिंकमधून (किचनमध्ये अलगद पाडलेल्या फटक्यांच्या देवाणघेवाणीतून) अचानक स्पीड-अप केला, म्हणजे जोरात मारलं असेल, तर ते बरोबर आहे. बॉल खाली पडला की त्यांना खालून वर मारावं लागतं आणि रॅली पुन्हा शांत होते. पण तिसऱ्या शॉटचा, म्हणजे सर्व्हिस आणि रिटर्ननंतरचा ड्राइव्ह वेगळा. दोन टप्प्यांच्या नियमामुळे सर्व्हिस करणाऱ्यांना रिटर्नचा टप्पा पडू द्यावा लागतो, त्यामुळे ते मागे अडकलेले असतात आणि आपण लाइनवर पोचलेले असतो. अशा वेळी बॉल अलगद किचनमध्ये पाडणं म्हणजे त्यांना पुढे यायचं आमंत्रण देणं. तिथे पॅडल तसंच स्थिर ठेवायचं, पकड जराशी घट्ट करायची आणि बॉल खोल, त्यांच्या पायांशी ढकलायचा. झटका नाही, फक्त कमी सैल हात. १६ मिमीच्या पॅडलचं इथे थोडं नडतं. ते वेग इतका खातं की खोल जायचा बॉल मध्येच पडतो. १३ मिमीने हा शॉट विनासायास जायचा. अनेकांनी १४ मिमीचा मध्यम मार्ग का धरलाय, हे तेव्हा लक्षात आलं.

ब्लॉक न करणं हाही या शिकण्याचा भाग निघाला. जोरात मारलेला बॉल खांद्याच्या उंचीला तुमच्यापर्यंत आला असेल आणि तरीही वर चढत असेल, तर तो बहुतेक बाहेर जाणार. पण अंगाला लागला तर फॉल्ट आपला, मग तुम्ही कोर्टाच्या बाहेर उभे असलात तरी. त्यामुळे सोडायचं तर अंगासकट बाजूला व्हायचं. पॅडल धरलेल्या हाताला मनगटाखाली लागलेला बॉल मात्र चालतो, खेळ सुरू राहतो. बोटांना झोंबतं ते वेगळं. आणखी एक: ब्लॉकनंतर तोल जाऊन पाय किचनमध्ये पडला तरी फॉल्ट, बॉलचा खेळ तोवर संपलेला असला तरीही. लाइनला पायाची बोटं चिकटवून उभं राहण्यापेक्षा दोन-तीन इंच मागे उभं राहिलेलं बरं.

सराव साधा आहे. जोडीदार समोरच्या बाजूला किचनच्या बराच मागे, तुम्ही लाइनवर. त्याने निम्म्या जोराने अंगावर मारायचं, तुम्ही फक्त अडवायचं. पॉइंट नाहीत, हरजीत नाही. बॉल वर उडायचा थांबला की मग जोर वाढवायचा. भिंतीवरचा सराव मी करून पाहिला आणि सोडला. भिंत बॉल मंद करून परत देते आणि आपण नकळत मारायला लागतो, म्हणजे हवं त्याच्या उलट. पॅडल समोर धरायची सवय तेवढी भिंतीने लागते. चष्मा मात्र सरावातही घाला, पॉलिकार्बोनेटचा, खेळासाठी बनवलेला. १४ फुटांवरून डोळ्याच्या दिशेने आलेला बॉल चुकवायला वेळ मिळेलच असं नाही.

पॅडलच्या टिकाऊपणाबद्दल थोडक्यात. कोअर अजून ठणठणीत आहे, कुठेही पोकळ किंवा वेगळा आवाज येत नाही. पृष्ठभागाची खरखर मात्र मधल्या भागात स्पष्ट कमी झालीय. ड्राइव्हवाल्यांना ते खटकेल, ब्लॉकसाठी मला उलट सोयीचं वाटतंय. कडेला ओरखडे आलेत, ते चालायचंच. मूळ ग्रिप बोटभर जाड वाटावी इतकी फुगीर होती आणि जाड ग्रिपवर सैल पकड ठेवणं जड जातं. ती काढून पातळ ग्रिप लावली, वर घाम शोषणारी ओव्हरग्रिप, आणि ती वेळेवर बदलते. घामाने निसटणारं पॅडल माणूस आवळूनच धरतो, मग बाकीच्या सगळ्या शिकवणीवर पाणी. दोन्ही कडांना, तीन आणि नऊ वाजण्याच्या जागी, थोडी वजनाची टेप लावली. मध्य सोडून लागलेल्या बॉलला पॅडल हातात वळायचं, ते बरंच थांबलं. पण मोजून लावा. मी एकदा जास्त लावली तेव्हा हात पटापट फिरेना आणि मनगट दुखायला लागलं.

कोणी घ्यावं? दुहेरी खेळता, किचन लाइनवर उभे राहता आणि समोरून मारणारे भेटतात, तर घ्या, रुंद आकाराचं घ्या. एकेरी जास्त खेळत असाल किंवा तुमचा सगळा खेळ ड्राइव्हवर चालत असेल तर १६ मिमीत मन रमणार नाही, १४ बघा. आत्ताच १६ मिमी हातात असेल आणि तरीही बॉल उडत असेल, तर नवीन पॅडलचे पैसे राखून ठेवा आणि एखाद्या मित्राला अर्धा तास अंगावर निम्म्या जोराने बॉल मारायला सांगा. माझं पुढचं काम काउंटरचं, म्हणजे जोरात आलेला बॉल जोरातच परत मारण्याचं आहे. ब्लॉक करू की उलटा मारू, हे त्या पाव सेकंदात ठरवणं अजून माझ्या आवाक्यात आलेलं नाही, आणि त्यासाठी बहुधा ही टेप थोडी कमी करावी लागेल.